गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अख्ख्या शहराला पाणी कसं देऊन गेला?

छत्रपती संभाजीनगरमध्ये उन्हाळा सुरू झाला की उस्मानपुऱ्यापासून हर्सूलपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो. तुमच्याकडे पाणी कधी आलं होतं? याचं उत्तर तासांत मिळत नाही, दिवसांत मिळतं. ड्रम आणि बादल्या भरून ठेवायच्या, नळ कोणत्या वारी येणार याचं गणित डोक्यात ठेवायचं आणि मध्येच जलवाहिनी फुटली की टँकरवाल्याला फोन लावायचा. इथल्या घरांना हे सगळं तोंडपाठ झालंय.

गंमत म्हणजे हेच शहर एकेकाळी पाण्यासाठी नावाजलेलं होतं. इथल्या हौदांत, कारंज्यांत पाणी खेळायचं. त्यासाठी ना मोटर होती, ना वीज. जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरात पोहोचायचं.

ही सोय ज्याने सुरू केली तो माणूस मराठवाड्यातला नव्हता. हिंदुस्थानातलाही नव्हता. त्याचा जन्म इथिओपियात झाला आणि दख्खनमध्ये तो गुलाम म्हणून आला.

त्याचं नाव मलिक अंबर. मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा सेनापती म्हणून आपण त्याला ओळखतो. पण ज्या शहराची त्याने मांडणी केली, त्या शहराला आज त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या पाण्याची गोष्ट जास्त कामाची आहे.

चापूचा अंबर कसा झाला?

साधारण १५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचं मूळ नाव चापू होतं असं इतिहासकार सांगतात. त्या काळी लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांची खरेदी-विक्री जोरात चालायची. चापू लहान वयातच त्या व्यापारात सापडला. मोखा बंदरात तो विकला गेला आणि पुढे बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं, हिशेब आणि कारभार समजावला आणि अंबर हे नवं नाव दिलं.

पुढे त्याची रवानगी दख्खनला झाली. १५७० च्या दशकात अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खान स्वतः हबशी होता, म्हणजे मूळचा आफ्रिकेतलाच, आणि तोही एकेकाळी गुलाम होता. गुलाम म्हणून आलेला माणूस राज्याचा पेशवा होऊ शकतो, हे अंबरने अगदी जवळून बघितलं. दरबाराचं राजकारण, फौजेची जमवाजमव, महसुलाच्या वह्या, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर चालायचं.

अहमदनगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. या शहरात आणखी एक गोष्ट रोज नजरेस पडायची. निजामशाहीच्या काळात शहराला आजूबाजूच्या उंच भागातून, कापूरवाडी, शेंडी अशा गावांच्या बाजूने, खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे, एकात एक बसवलेले आणि जमिनीत पुरलेले नळ. अख्खं शहर दुरून आणलेल्या पाण्यावर पोसता येतं, याचा हा चालता-बोलता धडाच होता. अंबर पुढे जे करणार होता, त्याची बाराखडी इथे होती.

काही वर्षांतच चंगेज खानाचा मृत्यू झाला आणि अंबर गुलामीतून मोकळा झाला. मालक गेला, स्वातंत्र्य मिळालं, पण पोटापाण्याची सोय गेली. मग तो विजापूरच्या आदिलशाहीत शिपाईगिरी करायला गेला. मलिक हा किताब त्याला तिथलाच. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम दीडशे स्वार होते.

राज्य बुडालं, तेव्हा हा उभा राहिला

तो परतला ती वेळ फार वाईट होती. अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला हिमतीने लढवला, पण शेवटी आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली आणि १६०० मध्ये किल्ला मुघलांच्या ताब्यात गेला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. कागदावर निजामशाही संपली होती.

मलिक अंबरने ते मानलं नाही. त्याने निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला शोधून काढलं आणि परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं. कारभाराची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. मग सुरू झाला पाव शतकाचा झगडा. मुघलांकडे माणसं, तोफा आणि पैसा अफाट. अंबरकडे डोंगर, घाटवाटा आणि वेगवान घोडदळ. समोरासमोर भिडायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला दमवायचं. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. मालोजीराजे भोसले आणि पुढे शहाजीराजे निजामशाहीच्या याच आघाडीवर लढले.

बादशाह जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की दरबारी चित्रकार अबुल हसनने एक चित्रच काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नाही. जहांगीरच्या हाती अंबर जिवंत किंवा मेलेला कधी लागलाच नाही.

आधी नोंदी, मग निर्णय

लढाई लढायला पैसा लागतो आणि पैसा येतो शेतातून. सततच्या युद्धांनी मुलूख ओसाड पडला होता. शेतसारा वसूल करण्याचे मक्ते दिले जायचे आणि मक्तेदार कुणब्याला पिळून घ्यायचे. अंबरने ही मक्तेदारी मोडीत काढली. जमिनीची पाहणी केली, मगदुराप्रमाणे प्रतवारी लावली आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांमार्फत वसुली लावून दिली.

इथे एक बारकावा आहे आणि आपल्या गोष्टीसाठी तो महत्त्वाचा आहे. त्याने सारा पहिल्याच वर्षी ठरवून टाकला नाही. आधी प्रत्यक्ष पिकलेल्या धान्यातला हिस्सा घेतला जायचा. असे काही हंगाम गेले, कोणत्या रानात किती पिकतं याचा अंदाज आला, तेव्हा धान्याऐवजी रोख सारा बसवला. तोही दर वर्षी पेरा किती झाला ते बघून. म्हणजे एका चांगल्या पावसावर भुलायचं नाही आणि एका दुष्काळावर घाबरायचं नाही. काही वर्षं बघायचं, लिहून ठेवायचं आणि मग ठरवायचं.

ही पद्धत पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली आणि मराठेशाहीतल्या महसूल व्यवस्थेवरही तिचा ठसा राहिला. आज पाण्याच्या क्षेत्रातली माणसं दीर्घकालीन निरीक्षण म्हणतात, त्याचं तत्त्व यापेक्षा वेगळं नाही. धरणाची पातळी, विहिरीची पातळी, पावसाची नोंद, यातलं काहीही एका वर्षात खरं बोलत नाही.

खडकी का निवडली?

राजधानीची जागा युद्धाच्या धामधुमीत सतत बदलत होती. परांडा झालं, जुन्नर झालं, दौलताबाद झालं. १६१० च्या सुमारास अंबरने दौलताबादजवळच्या खडकी या गावाची निवड केली. नावातच खडक. जवळून वाहते ती खाम नदी, जी पावसाळा सोडला तर फारशी कुणाच्या कामाची नाही.

पण जागा मोक्याची होती. दौलताबादचा अभेद्य किल्ला हाकेच्या अंतरावर, उत्तरेकडून येणाऱ्या वाटांवर नजर आणि भोवताली डोंगरांचं कडं. अडचण एकच, पाणी. आणि ही अडचण या पट्ट्याला नवी नव्हती. दौलताबाद किल्ल्यातला प्रचंड हत्ती हौद बघितला की कळतं, इथे राज्य करणाऱ्या प्रत्येकाला पाणी साठवण्याची चिंता होतीच.

अंबरने शहर मांडायला घेतलं. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून. नौखंडा महाल, मशिदी, बाजार झाले. मराठा सरदारांच्या नावाने वस्त्या वसल्या. मालोजींचा मालपुरा, खेळोजींचा खेळपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा. उस्मानपुऱ्यासारख्या शहरातल्या कितीतरी वस्त्यांच्या नावात आजही दिसणारा पुरा हा शब्द याच परंपरेतला.

हजारो माणसं, घोडे, हत्ती आणि बागा. या सगळ्यांना बाराही महिने पाणी कुठून आणायचं? त्याचं उत्तर १६१० च्या दशकात जमिनीखाली तयार झालं. तीच नहर-ए-अंबरी.

नहर नेमकी चालते कशी?

नहर म्हटलं की डोळ्यांसमोर उघडा कालवा येतो. ही नहर तशी नाही. ती जमिनीच्या पोटातून जाते. तिचं काम चार टप्प्यांत समजून घेऊ.

पहिला टप्पा उगमाचा. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला खाम नदीचं खोरं आहे. तिथली जमीन शहरापेक्षा उंच. मराठवाड्याखाली काळा कातळ आहे, बेसॉल्ट. अखंड कातळात पाणी मुरत नाही. पण कातळाच्या वरच्या बाजूला झिजलेला मुरूम असतो, भेगा असतात, ओढ्याकाठी वाळू आणि गाळाचा थर असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली कातळ लागला की तिथेच अडतं. नदी वरून कोरडी दिसली तरी हा थर ओला असतो. नहरीचा बोगदा या ओल्या थरात उतरवलेला आहे. आजूबाजूचं पाणी झिरपत झिरपत त्यात गोळा होतं.

दुसरा टप्पा उताराचा. उगमापासून शहरापर्यंत बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यावा लागतो. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने वाहून बांधकाम खरवडतं. कमी झाला तर गाळ बसतो. आजच्यासारखी यंत्रं नसताना कित्येक किलोमीटर हा तोल सांभाळायचा म्हणजे खायचं काम नव्हतं.

तिसरा टप्पा झरोक्यांचा. वाटेत ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत उभे झरोके काढलेले आहेत. बांधकाम चालू असताना माती इथून बाहेर निघायची. नहर सुरू झाल्यावर यातून हवा खेळायची. पण त्यांचा खरा उपयोग पुढच्या शेकडो वर्षांसाठी होता. माणूस यातून खाली उतरून पाणी किती आहे ते बघायचा, गाळ काढायचा, मुळं छाटायचा, तडे बुजवायचा. म्हणजे देखभालीची वाट रचनेतच ठेवली होती, नंतर सुचलेली नव्हती.

चौथा टप्पा वाटपाचा. शहराजवळ पाणी दगडी पाटातून आणि खापरी नळांतून पुढे जायचं. मध्ये मध्ये बांधलेले मनोरे असायचे. पाणी एका बाजूने मनोऱ्यात वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरायचं. त्यामुळे नळात अडकलेली हवा निघून जायची, दाब आवाक्यात राहायचा आणि पाण्याचे फाटे फोडता यायचे. तिथून हौद, महाल, मशिदी आणि मोहल्ले.

या सगळ्या रचनेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट मात्र चटकन लक्षात येत नाही. नहर जमिनीतलं पाणी ओढत नाही. बोगद्याच्या पातळीच्या वर जितकं पाणी साठलंय, तितकंच तिच्यात उतरतं. पावसाळा चांगला झाला तर जास्त वाहते, दुष्काळात बारीक होते. तळ उपसून काढणं तिला जमतच नाही. भूजल संपवून टाकण्याचा धोका या तंत्रात मुळातच नाही.

शहर जाळता येतं, जमिनीखालचं पाणी नाही

हे तंत्र अंबरने शोधलेलं नाही. इराणमध्ये त्याला कनात म्हणतात आणि तिथे ते हजारो वर्षांपासून आहे. दख्खनमध्ये बिदरला बहमनी काळातच अशा भुयारी वाहिन्या होत्या, तिथे त्यांना करेज म्हणतात. अंबरचं मोठेपण असं की युद्ध ऐन भरात असताना त्याने हे काम हाती घेतलं आणि तडीस नेलं.

त्याच काळात त्याचा शत्रूही तेच करत होता. मुघलांचा दख्खनमधला तळ बुऱ्हाणपूरला होता. तिथला सुभेदार अब्दुल रहीम खान-ए-खानान, म्हणजे दोहे लिहिणारे आपले रहीम. त्यांच्या काळात १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा नावाची भुयारी पाणी योजना झाली. शंभराहून जास्त कुंड्या असलेली ही योजना तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराने आखली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी तिने वाटेतच पकडलं.

आणि नियतीचा खेळ बघा. याच रहीमांचा मुलगा शाहनवाज खान १६१६ मध्ये फौज घेऊन आला, त्याने अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली. अंबरने शहर पुन्हा उभं केलं. १६२१ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्या मोहिमेत खडकीचा पुन्हा विध्वंस झाला. अंबर पुन्हा कामाला लागला.

अशा शहरासाठी उघडा तलाव किंवा कालवा म्हणजे शत्रूच्या हातात दिलेली मान. तो फोडता येतो, त्यात विष टाकता येतं, त्यावर पहारा बसवता येतो. जमिनीखालचं पाणी दिसतही नाही आणि सहज तुटतही नाही. पाण्याची सुरक्षितता हा शब्द आज आपण दुष्काळाच्या संदर्भात वापरतो. अंबरसाठी त्यात वेढा आणि विषप्रयोगही धरलेला होता.

उघड्या पाण्याचं काय होऊ शकतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? कारण ते हत्यार त्याने स्वतः वापरलं. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाही काळातलाच एक तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती पाणी आणि चिखल झाला, हालचाल ठप्प झाली, रसद तुटली आणि मग अंबरच्या फौजेने झडप घातली. शहाजीराजांनी या लढाईत पराक्रम गाजवला, त्यांचे भाऊ शरीफजी इथेच धारातीर्थी पडले. भातवडीचा विजय अंबरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ठरला.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. ज्या मुघल दरबारात त्याला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या गेल्या, त्याच दरबारच्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ लिहून ठेवली.

नाव बदलत गेलं, नहर चालत राहिली

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेह खान याच्या नावाने खडकीचं फतेहनगर झालं. निजामशाही १६३६ मध्ये संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला, त्याने इथे मुक्काम ठोकला आणि शहर औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं.

चार नावं झाली, पण पाण्याची रीत बराच काळ तीच राहिली. मुघल काळात वस्ती वाढली तशा आणखी नहरी बांधल्या गेल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ डोंगराकडून नळांनी आणलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि यात्रेकरू, फकिरांसाठी दळण व्हायचं. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचं छत आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात. पण ते पाणी मूळचं पर्यटनासाठी नव्हतं. शहराच्या पाणीपुरवठ्याचा तो एक भाग होता.

मग हे सगळं गेलं कुठे?

शहर वाढलं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. इतक्या लोकांची तहान नहरींनी भागणार नाही, हे आधी मान्य करायला हवं. जुन्या काळाचे गोडवे गाऊन नळाला पाणी येत नाही.

शहराने उत्तर शोधलं पैठणला. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाची क्षमता १०२ टीएमसी. त्यातलं साधारण २६ टीएमसी मृतसाठा. आधी ७०० मिलिमीटर, मग १४०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकून हे पाणी शहरात आणलं गेलं. त्यानंतर २५०० मिलिमीटरच्या जलवाहिनीची योजना आली.

पण इथे उताराचं गणित उलटं झालं. जायकवाडीची पूर्ण भरल्यानंतरची पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर साधारण ५६८ मीटरवर. धरण काठोकाठ भरलं तरी प्रत्येक थेंब शंभर मीटरहून जास्त उंच उचलावा लागतो, तोही पन्नासेक किलोमीटर दूर. वीज गेली की पंप थांबतात, वाहिनी फुटली की पाणी थांबतं. शिवाय नाथसागर पसरट आहे. साधारण ३५० चौरस किलोमीटरच्या त्या पाण्यावर मराठवाड्याचं ऊन पडतं आणि बाष्पीभवनात मोठा वाटा उडून जातो. अंबरचं पाणी उताराने यायचं आणि सावलीत राहायचं.

आणि नहरींचं काय झालं? झरोक्यांवर बांधकामं झाली, रस्ते झाले, सांडपाणी घुसलं, झाडांची मुळं शिरली. जिथे बोअर घेतले गेले तिथे भूजलाची पातळी नहरीच्या खाली गेली. नहर वरचं पाणी घेते, बोअर खालचं ओढतो. दोन्ही एकाच जमिनीवर सुखाने नांदू शकत नाहीत.

टक्केवारीला इतकं महत्त्व का?

आता एक आकडा बघू. ६५ टक्के. मराठवाड्यात पाण्याच्या राजकारणात याच्याइतका भांडणाचा आकडा नसेल. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला. त्याचा साधा अर्थ असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ठरलेल्या सूत्राप्रमाणे नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं.

म्हणजे धरणावर रोज घेतलेली पातळीची नोंद ही नुसती सरकारी वही नाही. ती खालच्या गावांच्या हक्काचा पुरावा आहे. पाणी आलं किती, सोडलं किती, उडून गेलं किती, गाळाने जागा किती खाल्ली, याची वर्षानुवर्षांची नोंद नसेल तर भांडणात आवाज ज्याचा मोठा, पाणी त्याचं.

भूजलाचंही तेच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. एखाद्या विहिरीची एका मे महिन्यातली पातळी फार काही सांगत नाही. वीस-तीस मे महिने शेजारी शेजारी ठेवले की त्या गावाचं भविष्य दिसायला लागतं.

नाथसागराची टक्केवारी पावसाळ्यात रोज बातम्यांत येते, आपण ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पण हर्सूलच्या तलावात आज किती पाणी आहे, सलीम अली सरोवराच्या पाण्याची प्रत कशी आहे, नहर-ए-अंबरीत या आठवड्यात किती पाणी वाहतंय, हे आकडे शहरात कुणाच्या तोंडी नसतात. हर्सूलचा तलाव आजही जुन्या शहराच्या काही वस्त्यांना पाणी देतो. आणि खामचं खोरं तेच आहे, ज्यावर अंबरने शहर तोललं होतं.

या नहरींनी पुन्हा अख्खं शहर चालवावं असं कुणी म्हणत नाही. पण बागांना, रस्ते धुवायला, बांधकामांना, आगीच्या बंबांना पिण्याचंच पाणी लागतं असं थोडंच आहे? जायकवाडीची वाहिनी फुटली त्या चार दिवसांत जवळचा एखादा स्रोत हाताशी असणं म्हणजे काय, हे टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यासाठी सुरुवात मोठ्या निधीने करावी लागते असंही नाही. जे झरोके अजून उघडे आहेत त्यांची यादी करायची. त्यात दोरी सोडून मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा पाण्याची पातळी मोजायची, तारखेसह लिहून ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झरोक्यावर यायचं. पाच-दहा वर्षांनी त्या वहीवरून कळेल की शहराच्या पायाखालची जमीन भरतेय की रिकामी होतेय. चार हंगाम बघितल्याशिवाय शेतावर सारा न बसवणाऱ्या मलिक अंबरला हे काम नक्कीच ओळखीचं वाटलं असतं.